लाल रेघेचा दगड

सरोवरातलं बेट पायी ओलांडताना खिंडीत दगडांचा ढीग लागतो. दुखऱ्या जागी दगड चोळायचा आणि ढिगावर ठेवायचा. दुखणं मागंच राहतं. एउलालियानं गुडघ्याला चोळून आपला दगड ठेवला. ला पाझहून आलेली तिची गरोदर भावजय इव्होन मागं रेंगाळली.

इंकांच्या पडक्या भिंतींपाशी इव्होन मटकन खाली बसली. "वन्सं, मघापासून बाळ हललंच नाही हो."

"झोपलं असेल गं." एउलालियानं तिचा हात धरला. मूठ घट्ट मिटलेली होती. "हातात काय आहे?"

"ढिगावरचा दगड. बाळासाठी उचलला. लाल रेघ बघा ना, कसली सुंदर!"

एउलालियानं ती रेघ ओळखली. गेल्या वर्षी तिचं बाळ पोटातच दगावलं, तेव्हा हाच दगड पोटावर चोळून तिनं ढिगावर ठेवला होता.