दोन सेलांची मूठ

रामबाईनं सेल तळहातावर तोलला आणि काउंटरवर परत ठेवला.

"हा पोचट आहे गा. दुसरा दाखव."

"अम्मा, ये धान नहीं है," दुकानदार हसला. "वजन देखके बॅटरी लेता है क्या कोई?"

"तुले काय समजते? ज्याच्यात दाणा नाही ते हलकंच राहते."

गोंदियाच्या बाजारातल्या त्या दुकानात पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. शेजारी सून भूमेश्वरी उभी होती, गळ्यात नवऱ्याचा कॅमेरा. पट्ट्यानं मानेवर लाल वळ उमटला होता. हेमेंद्र होता तोवर हा भार तिच्या मानेवर कधी आला नव्हता. फोटो काढायला त्यानंच शिकवलं, पण कॅमेरा असो का धानाचं पोतं, उचलायची वेळ आली की त्याचं एकच, "राहू दे, पहिले मी." त्याला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. कॅमेऱ्यातला कंपनीचा सेल त्याच्यामागं फुगून बसला, चिमट्यानं ओढून काढावा लागला. कंपनीचा नवा घ्यायचा तर तेवढ्यात बकरी येते. म्हणून लोकल.

लोकल असू दे, पण दगा देणारा नको होता. उद्या सालेकशाला रामबाईच्या भावाच्या नातीचं लग्न होतं आणि फोटो भूमेश्वरी काढणार होती. रांडव बाई मांडवात फिरणार म्हणून सोयऱ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा रामबाई भर अंगणात म्हणाली होती, "मुरडा, मुरडा. फोटोच्या वेळी तेवढी सरळ करा." तोंडं बंद झाली होती. पण मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरा बंद पडला, तर तीच तोंडं उघडणार. सेल संपला असं कोणी म्हणणार नव्हतं. पायगुण म्हणणार होते. मग भूमेश्वरीला पुन्हा कोण बोलावणार?

"ग्रिपही पायजे, माय," भूमेश्वरी हळूच म्हणाली. "उभा फोटो काढताना हात थरथरते."

"दाखव गा मूठ," रामबाई म्हणाली. "बिनमुठीचा विळा धरणाऱ्यालेच कापते."

दुकानदारानं काळी ग्रिप काढून कॅमेऱ्याच्या बुडाला बसवली. तिच्या पोटातून एक ट्रे बाहेर आला. त्यात दोन सेलांची जागा होती, शेजारी शेजारी.

"दो डालो, अम्मा. पहले एक का खाता है, वो खतम तो दूसरे का. दिनभर देखना नहीं."

"एकच टाक. तुह्या दुकानाचं भाडं आम्हीच भरून राहिलो का?"

जड लागला तो सेल तिनं स्वतः निवडला. दुकानदारानं तो उजवीकडे घातला. डावी जागा रिकामी. ट्रे आत सरकला, खट्ट झालं, त्यानं बटन दाबलं.

रामबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, चित्र येत होतं. कॅमेऱ्याच्या पाठीवर दोन सेलांची चित्रं उमटली. दोन्ही भरलेली.

"एकच टाकला ना गा?"

दुकानदारानं ट्रे काढला, फुंकला, पुसला, परत घातला. दोन. मग त्यानं खोक्यातून दुसरी कोरी ग्रिप काढून लावली. दोनच.

"लोकल माल है, अम्मा. कभी कभी झूठ दिखाता है." आता तो हसत नव्हता.

रामबाईनं ट्रे त्याच्या हातून घेतला. उजवीकडचा सेल गार होता. रिकाम्या जागेत तिनं बोट घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. तिथं ऊब होती. उन्हाची नव्हे, अंगाची असते तशी.

तिनं ट्रे आपल्या हातानं आत ढकलला. "काढ फोटो," सुनेला म्हणाली.

भूमेश्वरीनं भिंग रस्त्याकडं वळवलं. खटक्. खटक्. खटक्. रामबाई रस्ता पाहत नव्हती. चित्रं पाहत होती. त्यातलं एक उतरू लागलं.

"कोणता उतरून राहिला हा?"

दुकानदार काउंटरमागं एक पाऊल सरकला. भूमेश्वरीनंच सांगितलं, "डावीकडचा."

उजवीकडचा भरलेलाच होता.

भूमेश्वरीचं बोट थांबेना. समोर ना माणूस ना गाडी, नुसतं ऊन, आणि ती काढत होती. खटक्. खटक्. डोळे कोरडे, ओठ हलत होते. चित्र अर्ध्यावर आलं. अर्ध्याच्या खाली गेलं.

रामबाईनं तिचं मनगट धरलं.

"बस कर, पोरी. आजच सारा संपवतेस काय त्याले?"

दुकानदारानं न विचारता दुसरा सेल पुढं केला आणि ट्रे उघडायला हात नेला.

"हात नको लावू." रामबाईनं सेल त्याच्या हातातून घेतला. हा तिनं तोलला नाही. पदराच्या गाठीत बांधला. घासाघीस न करता पैसे ठेवले.

"हा उद्या मांडवात टाकू," ती सुनेला म्हणाली. "आता बटन बंद कर. आज घरापर्यंत ते जागा तशीच राहू दे."

दुकानाची पायरी उतरताना भूमेश्वरी थबकली.

"माय, ग्रिप लावली, सेल टाकला. कॅमेरा जड व्हायले पायजे होता ना?"

रामबाईनं वळून पाहिलं. सुनेचे दोन्ही हात मोकळे होते. गळ्यातला पट्टा ढिला पडला होता. कॅमेरा मात्र खाली आला नव्हता.