बारा तारखेनंतरची रजा

“बाळ बारा तारखेच्या आधी झालं की नंतर?” गंधारनं विचारलं.

“चौदाले झालं,” काजल म्हणाली, आणि हे सांगण्यात आपली काही चूक झाली की काय, असं तिला वाटून गेलं.

बियाण्याची ही कंपनी दिवाळखोरीत निघाल्याचा हुकूम बारा तारखेला झाला होता. मालक घरी बसले. कोर्टानं नेमलेले साहेब मुंबईतून कारभार बघत आणि गंधार, त्यांचा माणूस, मालकाच्या केबिनमध्ये बसून कामगारांचे दावे घेई. आज शेवटची तारीख होती. म्हणून सव्वा महिना भरायच्या आतच काजल पंचवीस दिवसांचं लेकरू घेऊन देऊळघाटाहून ऑटोनं आली होती. सासू शालूबाई बाळाला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या.

गंधार माणूस वाईट नव्हता. त्यानं पंखा तिच्या अंगावरून वळवला, पाणी मागवलं आणि कोऱ्या कागदावर एक उभी रेघ मारून समजावलं. रेघेच्या डावीकडे बारा तारखेपर्यंतची रजा. त्या रजेचे पैसे दाव्याच्या फॉर्मात लिहायचे. बँका, व्यापारी, सगळ्यांच्या रांगेत ते मिळतील तेव्हा मिळतील, मिळतील तेवढे मिळतील. उजवीकडे बारानंतरची रजा. तिथला पगार रोजच्या खर्चातून होतो, पण ज्यांनी खरोखर काम केलं त्यांचाच.

काजल रेघेकडे बघत राहिली. रजा तर तिनं एकच मागितली होती, एका अर्जावर.

“मंग मी नोकरीवर हाये का नाही?”

“आहात ना. बाळंतपणाच्या रजेवर असताना तुम्हाला काढता येत नाही.”

“अन् पगार?”

“तो काम केलेल्यांना.”

महिनाभर धड झोप नाही, म्हणून आपल्याला कळत नसेल, असं तिनं धरलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, फक्त जरा सावकाश.

शालूबाई बाळाला घेऊन दारात येऊन ऐकत होत्या. काम केलं की पगार, एवढं त्यांना लख्ख कळलं. त्या म्हणाल्या की सून उद्यापासून येईल, लेकराचं त्या बघतील, वरचं दूध पाजतील. गंधार एकदम ताठ झाला. तसं चालणार नाही, म्हणाला. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घेणं कायद्यानं मना आहे. घेतलं तर साहेब अडचणीत येतील.

हजेरीचा कारकून उत्तमराव कोपऱ्यात फायली लावत होता, त्याचे हात थांबले. काम केलं तर गुन्हा आणि नाही केलं तर पगार नाही, हे गंधारच्याही बहुतेक आत्ताच ध्यानात आलं होतं. त्यानं मुंबईला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते.

मग त्यानं ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढला. राजीनामा दिला तर सगळं सोपं होईल, म्हणाला. सगळं एकाच फॉर्मात बसेल, बऱ्याच जणांनी दिलाय. तो हे मनापासून सांगत होता, म्हणून काजलनं पेन घेतलं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि थांबली.

“साहेब, बारा तारखेपासून मी काम केलंच नाही, असं म्हणता ना तुम्ही?”

“हो, म्हणजे कागदोपत्री.”

“मंग सोडू तं काय सोडू?”

गंधारनं पुन्हा फोन हातात घेतला.

बाहेर बाळानं सूर लावला. काजलचा ब्लाउज ओला व्हायला लागला तशी तिनं पदर ओढून उठून सासूकडून बाळ घेतलं. ऑफिसात दार लागेल अशी दुसरी जागा नव्हती. उत्तमरावानं किल्ल्या घेतल्या आणि लॅब उघडून दिली. ही तिचीच जागा. पाच वर्षं ती इथं सोयाबीनच्या उगवणीची चाचणी करत आली होती. शंभर दाणे वाळूच्या ट्रेमध्ये लावायचे, आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचे.

तिनं स्टुलावर बसून बाळाला पदराखाली घेतलं. समोरच्या टेबलावर सहा ट्रे होते. वर मोजणीची तारीख होती, आजचीच. मोजणारी अर्पिता गेल्या आठवड्यात काम सोडून गेली होती. बाळ चुटुचुटु प्यायला लागलं. काजलची नजर आपसूक पहिल्या ओळीवरून फिरली, दुसऱ्या, तिसऱ्या. सत्त्याऐंशी उगवले होते, नऊ सडके, चार तसेच. तिनं मोकळ्या हातानं चिठ्ठी ओढली, आकडे लिहिले, आणि खाली सवयीनं तारीख घालून सही केली.

थोड्या वेळानं उत्तमरावानं दाराशी खाकरून, आत येऊ का म्हणून विचारलं. तिनं पदर सारखा केला आणि हो म्हटलं. मुंबईचा फोन अजून लागला नव्हता, हे सांगायला तो आला होता. सांगता सांगता त्याचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. त्यानं ती उचलली, चष्मा वर करून आजची तारीख आणि सही वाचली, आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

“काजल,” तो हळूच म्हणाला, “हे गंधारसाहेबाले दाखवू का लपवू?”

काजलनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं आणि पुढचा ट्रे जवळ ओढला.