मुका व्हिडिओ

नवऱ्याने जुन्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि कित्येक वर्षं काळा पडलेला स्क्रीन उजळला. आत त्याच्या पहिल्या बायकोचे व्हिडिओ होते. ती गेली तेव्हा मुलगी पाळण्यात होती. चित्र आलं, पण आवाज काही येईना. "स्पीकर गेले असतील," म्हणत त्याने हात टेकले.

दुसरी बायको ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवरच काम करायची. तिला खोट लगेच कळली. नवं कार्ड आवाज स्पीकर नसलेल्या स्क्रीनकडे पाठवत होतं. सेटिंगमध्ये जुने स्पीकर निवडले की झालं. पण ती गप्प राहिली. शाळेतून आली की मुलगी त्यातलाच एक मुका व्हिडिओ लावून हसत बसायची आणि हिच्या पोटात दुखायचं. रोजच्या वेण्या हिने घालायच्या आणि माया मात्र काचेतल्या बाईवर.

शेवटी तिचंच मन तिला खाऊ लागलं, तेव्हा तिने सेटिंग बदललं. एक बारीक, गोड आवाज खोलीत पसरला. मुलगी गोंधळून तिच्याकडे वळली.



"मावशी, आईचा आवाज असा होता? मी तर तिला रोज तुझ्या आवाजात ऐकत होते."