रंग चुकला की घर चुकलं

“तांबड्या भिंतीत हिरवा ठोकळा! आणि ह्यो बघा, खिडकीखाली निळा. गणपतराव, ह्ये मास्तरांचं काम हाय म्हणून कोण म्हणंल का?”

बाळासोनं कपाळावर हात मारला. गणपतराव टेबलाभोवती फिरून आले, पण कुठल्याही बाजूनं घर तसंच दिसत होतं. उद्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन. लोक पोट धरून हसणार, यात शंकाच नव्हती.

बाळासोचं महाद्वार रोडला खेळण्यांचं दुकान. एकमेकांत दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे त्यानं आणले पोरांसाठी, आणि खेळत बसले तीन बाप्ये. तो स्वतः, उद्यमनगरात फाउंड्री चालवणारे गणपतराव आणि शाळेत चित्रकला शिकवणारे नृसिंह मास्तर. दर रविवारी दुकानाच्या माळ्यावर ठोकळ्यांची पोती उघडायची. घरच्या बायका म्हणायच्या, म्हातारचळ लागलाय. म्हणू देत! या तिघांनी त्या माळ्यावर नवा राजवाडा उठवला, रंकाळ्याचा घाट बांधला आणि परत सगळं मोडून पोत्यात भरलं. मोडायचं हा नियमच होता. ठोकळे तेवढेच, नवं बांधायचं तर जुनं उतरवायलाच हवं.

दुसरा नियम मास्तरांचा. “रंग चुकला की घर चुकलं.” एकदा गणपतरावांच्या कमानीत एक पिवळा ठोकळा चुकून शिरला, तर मास्तरांनी अख्खी कमान उतरवायला लावली होती.

आणि आता तेच मास्तर असलं घर बांधून बसले होते. नोकरी संपली होती, गडहिंग्लजला एक जुनं घर घेतलं होतं, सोमवारी बिऱ्हाड हलणार होतं. कोल्हापुरातलं हे त्यांचं शेवटचं बांधकाम. कुणाचं घर म्हणून विचारलं तर म्हणाले, “असंच, एक साधं घर.” मागणं मात्र एक केलं. “हे मोडू नका. हे मी बरोबर नेणार.” दोघांनी नियम गुंडाळून ठेवला आणि हो म्हटलं. मास्तरांनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

पण त्यांचं काम करणं बघवत नव्हतं. डोळे मिटून घ्यायचे. बोटं भिंतीवरून सरकवत दारापर्यंत न्यायचे, थांबायचे, पुन्हा मागं यायचे. मग एखादा ठोकळा उपटून हाताला येईल तो लावायचे. रंग कुठला, बघायचेसुद्धा नाहीत.

“बाळासो, कुणाला बोलणार नसशील तर सांगतो,” गणपतराव म्हणाले. “मागल्या महिन्यात मिरजेला गेलतो. डोळ्याच्या दवाखान्याच्या पायरीवर मास्तर दिसले. वहिनी बाजूला गप उभ्या. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, डॉक्टरांनी हात टेकले, आता इलाज नाही. वर मलाच म्हणाले, गावात बोलू नका, लोक कीव करतात.”

बाळासोला भडभडून आलं. “अरं देवा! ज्यानं आपल्याला रंग शिकवला, त्येच्यावरच ही पाळी?”

“आणि त्यालाच लोकांनी हसायचं? आपण जित्ते असताना?”

मास्तर त्या दिवशी सामान टाकायला एस.टी.नं गडहिंग्लजला गेले होते. दोघांनी दुकान बंद केलं, पोती ओतली आणि बाह्या सरसावल्या.

“मापाला हात लावायचा न्हाय,” गणपतरावांनी बजावलं. “दार तिथं दार, जिना तिथं जिना. फकस्त रंग.”

निळा काढला, तांबडा बसवला. हिरवा काढला, तांबडा बसवला. भिंती एकरंगी झाल्या, कौलं तपकिरी झाली. बोटं सुजली, पण घराला कळा आली. शेवटी परसाची पाळी आली. तिथं जमिनीत एक चौकोन उघडाच राहून गेला होता. आतून खालचं टेबल दिसत होतं.

“ह्ये बी सुटलं बघा नजरंतनं,” बाळासो हळहळला.

गणपतरावांनी तो चौकोन हिरव्या ठोकळ्यांनी बुजवला आणि वरून तळवा फिरवून बघितला. परसदार कसं एकसारखं झालं.

रविवारी हॉलमध्ये मास्तरांच्या घराच्या टेबलापाशीच गर्दी. “मास्तरांचं काम म्हणजे काम!” असं जो तो म्हणत होता. गणपतराव आणि बाळासो बाजूला उभे राहून ऐकत होते. दोघांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मास्तर आणि वहिनी दारात आले. एकमेकांचा हात घट्ट धरलेला.

“वहिनी हाताला धरून आणत्यात बघ,” गणपतराव पुटपुटले आणि त्यांनी हळूच डोळे टिपले.

दारातच जुन्या विद्यार्थ्यांनी मास्तरांना गराडा घातला. त्यांनी तिथूनच हाक मारली, “गणपतराव, तोवर हिला जरा घरापाशी न्या.”

प्रमोदिनीवहिनी गणपतरावांचा हात धरून टेबलापाशी आल्या.

“बघा की वहिनी, रंग कसा खुललाय!” बाळासोला राहवलं नाही.

वहिनी हसल्या. “रंगाचं मला काय, भावजी? ह्यांनी सांगितलं नाही वाटतं. मला आता उजेडसुद्धा कळत नाही. माझा हात तेवढा पुढच्या दारावर ठेवा.”

गणपतरावांनी वहिनींची बोटं दारावर नेऊन ठेवली. बोटं चालू लागली. सोपा. माजघर. स्वयंपाकघर. मागचं दार, पायऱ्या.

“अगदी हे सांगतात तस्सं! आता गडहिंग्लजच्या घरात कुणाचा हात धरायला नको,” वहिनी म्हणाल्या. बोटं परसात उतरली, सपाट हिरव्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरली, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“आणि मला उगीच भ्या घालत होते बघा, परसात बिनकठड्याचा आड आहे म्हणून!”