समुद्री घोड्यांची खानावळ

"तुम्ही माझ्या आईला उपाशी मारताय, साहेब."

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी चहाचा कप खाली ठेवला नाही. "हळू, ताई. इथे पाहुणे येतात-जातात."

पाहुणे कोणी नव्हते. वरच्या मजल्यावर खोकल्याची साथ, म्हणून भेटी बंद. दारावर तशी पाटीच होती. लेकींना बंदी, जावयांना बंदी. सुनांनी तर पाटी वाचून सुटकेचा श्वास सोडला असेल. दार उघडं होतं ते फक्त माशांच्या टाकीवालीला. माशांच्या टाक्या सांभाळणं हा तिचा धंदाच होता, पण इथलं काम तिने मागून घेतलं होतं. टाकी खाली, आई वर. मधल्या जिन्याला कुलूप.

"मारतंय कोण? ताट रोज समोर जातं. एक घास घेतात, घोळवतात आणि काढून टाकतात. हट्टी आहेत तुमच्या आई. म्हणून म्हणतोय, नळीला हो म्हणा. दुपारी डॉक्टर येतायत. एकदा नाकातून नळी गेली की सगळ्यांचीच कटकट संपली."

"आई कधीच हट्टी नव्हती. मला वर जाऊ द्या. मी भरवते."

"नियम म्हणजे नियम. आधी हे मासे बघा. देणगीदार एवढ्यात येतील."

खाऱ्या पाण्याच्या टाकीत देणगीदारांनी दिलेले समुद्री घोडे होते. शेपटीने काडी धरून रुसलेल्या जावयासारखे उभे. गोठवलेलं खाणं नाकासमोरून वाहत जायचं आणि हे मानही वळवायचे नाहीत. यांना जिवंतच लागतं. तेही बारीक. आणि मागे धावायला लावायचं नाही, आपणहून तोंडाशी यायला हवं.

टाकीवालीने घरी बनवून आणलेली वस्तू पिशवीतून काढली. गोळ्यांची रिकामी बरणी, एका बाजूला तापल्या खिळ्याने पाडलेली भोकं, बाकी सगळीकडे काळी चिकटपट्टी. आत मिठाच्या पाण्यात अंडी उबवून वाढवलेले, तांदळाच्या कणीएवढे कोळंबीसारखे जीव वळवळत होते. ते उजेडाकडे धावतात. तिने बरणी पाण्यात काडीशेजारी टांगली आणि भोकांसमोर, काचेबाहेर, छोटा दिवा लावला.

फरशी पुसणारी मावशी फडकं हातात घेऊन जवळ आली. "अगं बाई, खानावळच काढलीस की घोड्यांची!"

एक कणी भोकातून बाहेर आली. मग दुसरी. सगळ्यात रोडावलेल्या घोड्याने एक डोळा फिरवला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग मान खाली घातली आणि टिच्. कणी गेली.

"खाल्लं!" व्यवस्थापकांनी आता कप ठेवला. "मी म्हणत होतो ना, बिचाऱ्यांचा दोष नाही. तोंडच केवढंसं! समोरच्याचं तोंड बघून घास द्यावा लागतो, ताई. आपल्या लोकांना तेवढा धीर कुठे असतो?"

व्यवस्थापकांनी फोन लावला. "हो हो, जेवतायत! या तुम्ही, डोळ्यांनी बघा." मग फोनवर हात ठेवून टाकीवालीला म्हणाले, "उबवायची उरलेली अंडी माझ्या कपाटात ठेवून द्या. कोरडं आहे. उघडंच आहे."

तिने कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात फायली. खालच्या कप्प्यात झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या, ओळीने, दुकानात मांडाव्यात तशा. प्रत्येकीवर खाटेचा नंबर. अंड्यांची बाटली ठेवायला तिने एक डबी बाजूला सारली, तर आत काहीतरी खुळखुळलं.

डबीत कवळी होती. आतलं पाणी कधीच आटलं होतं. कडेला पांढरा थर धरला होता. पुढचा एक दात बाकीच्यांपेक्षा पिवळा. आईनेच तो एकदा सुपारी फोडताना मोडला होता आणि डॉक्टरने जुळेल तसा बसवून दिला होता.

"मावशी, हे इथे कसं?"

मावशीने साहेबांकडे बघून घेतलं. ते फोनवर हसत होते. ती हळूच म्हणाली, "मागे दोन आज्यांच्या कवळ्या अदलाबदल झाल्या ना. नातेवाइकांनी घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून साहेबांचा हुकूम, सगळ्यांच्या काढून इथे ठेवायच्या. हरवायला नकोत की बदलायला नकोत. भेटीच्या दिवशी सकाळी धुऊन बसवतो आम्ही. तुम्ही माणसं यायच्या आत."

"आणि भेटी बंद झाल्यावर?"

मावशीने फडकं पिळलं. त्यातून थेंबही पडला नाही, तरी पुन्हा पिळलं. "हुकूम भेटीच्या दिवसाचा होता गं. आम्ही आपलं, सांगितलं तेवढं."

"ताटात काय असतं?"

"सगळ्यांना असतं तेच."

टाकीवाली डबी घेऊन व्यवस्थापकांच्या टेबलाशी गेली. त्यांनी बोट वर करून तिला थांबायला सांगितलं. तिने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, बंद केला आणि कवळी डबीतून काढून त्यांच्या बशीत ठेवली.

"अहो, हे काय..."

"नळीचं नंतर बोलू. आधी एवढं सांगा, साहेब. भेटी बंद झाल्यापासून माझी आई कशाने चावत होती?"

व्यवस्थापकांनी मावशीकडे बघितलं.

"तिच्याकडे नाही. माझ्याकडे बघा. कशाने चावत होती?"