पाण्याची बाटली

लेक स्कूटरसाठी पेट्रोल आणायचा पाण्याच्या बाटलीत, आणि ठेवायचा कुठे, तर शेगडीशेजारी. आई म्हणाली, "आगीशी सोयरीक नको रे. आणि तहानेल्या माणसाला काय कळणार, आत काय आहे ते?"

"तुझं आपलं काहीतरीच, आई. झाकण घट्ट आहे."

काल नात खेळून आली आणि तीच बाटली उघडायला बसली. झाकण खरंच घट्ट होतं, म्हणून निभावलं. आईने बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

आज लेकाने बाटली टाकीत रिकामी केली आणि किक मारून मारून घामाघूम झाला. गाडी काही पेटेना, तो मात्र पेटला. "आई, या बाटलीत पाणी कुणी भरलं?"



"पाण्याचीच बाटली ना रे ती?" आई भाजी निवडत म्हणाली. "मग आत दुसरं काय असणार?"