संत व्हिटालिसचं डोकं

डॉक्टर ल्यूडर्सनी लोखंडी चिमट्याची दोन्ही टोकं संत व्हिटालिसच्या कानशिलांवर टेकवली, मधलं अंतर पट्टीवर पाहिलं आणि वहीत लिहिलं. ही सातवी खेप. चर्चची देखभाल करणारी नोटबुर्गा कवटी दोन्ही हातांत धरून उभी होती; तिचे खांदे भरून आले होते.

"हलवू नका, आजीबाई."

"हलवत नाही, साहेब. हात आपोआप थरथरतात. सत्तरी उलटली माझी."

डॉक्टर बर्लिनहून आले होते, नाझींच्या कुठल्याशा संशोधन संस्थेचे. टोपीवर चांदीची इवलीशी कवटी. सकाळी आले ते भाल्यासाठी. क्रुसावरच्या येशूच्या कुशीत खुपसलेला भाला पुढे या संताने जपला, असं त्यांच्या पुस्तकात होतं. काचेच्या पेटीत लाल मखमल नेसून पडलेल्या संताच्या सांगाड्याच्या उजव्या हातात भाला होताही, पण तो निघाला सोनेरी मुलाम्याचा लाकडी. डॉक्टरांचं तोंड उतरलं. मग त्यांनी डोक्यावरची जाळी सोडवली आणि त्यांना पुन्हा हुरूप आला.

संताच्या डाव्या मनगटावर अकरा फिती होत्या, मुलगा सुखरूप परत यावा म्हणून आयांनी बांधलेल्या. गावातली अकरा पोरं लढाईवर होती. बारावी फीत घेऊन बुर्गल सकाळपासून पुढच्या बाकावर बसली होती. तिच्या मुलाला, फ्लोरिनला, पूर्वेच्या आघाडीवर पाठवताहेत, असं काल पत्र आलं होतं.

"उत्तरेचं शुद्ध रक्त," डॉक्टर वही मिटत म्हणाले. "रोमच्या फौजेतला जर्मन शिपाई. भाला याच्याकडे आला तो उगाच नाही. डोकं आजच माझ्याबरोबर येईल."

नोटबुर्गाने बुर्गलकडे पाहिलं. डोकं वाचवायला एकच गोष्ट सांगण्यासारखी होती, आणि ती बुर्गललाही ऐकू जाणार होती. फादर दोन महिने अंथरुणाला खिळलेले. दुसरं कोण सांगणार?

"साहेब, जरा बाहेर येता का?"

"इथेच बोला. मला अजून दोन गावं करायची आहेत."

तिने आवाज शक्य तितका खाली आणला. "हे संतांचं डोकं नाही. मी दहा वर्षांची होते. सणाआधी पुसताना माझ्या वडिलांच्या हातून पडलं, चुरा झाला. त्यांनी मागच्या अस्थिघरातलं एक आणून बसवलं. कल्हईवाल्याचं. हातगाडी ओढत गावोगाव हिंडतात ना, त्यांतला. थंडीने गोठ्यात मेला होता. त्याची चौकशी करणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याचंच घेतलं."

डॉक्टर हसले, पण दमलेलं हसू.

"मागच्या महिन्यात एका गावात येशूचा पवित्र प्याला बघायला गेलो, तर त्यातून कोंबड्यांना पाणी पाजतो म्हणाले. तुम्ही सगळे एकाच शाळेत शिकता का?" त्यांनी चिमटा पुसून खोक्यात ठेवला. "आजीबाई, त्या हिंडणाऱ्यांची मी शंभरावर डोकी मोजली आहेत. मला फरक कळतो."

कापसात गुंडाळलेली कवटी डॉक्टरांच्या पेटीत गेली. दारात उभ्या ड्रायव्हरने पेटीला हात ताठ करून सलाम ठोकला. कल्हईवाल्याला या गावाने कधी दुसऱ्या रात्रीला थारा दिला नव्हता. नोटबुर्गाला हसू यायला हवं होतं, पण तिला नुसतं खाली बसावंसं वाटलं.

गाडी उतारावरून निघून गेली.

"खरं होतं ते?" बुर्गलने विचारलं.

"खरं."

"तुझा पोरगा हान्स गेल्या लढाईवर निघाला, तेव्हा तूही फीत बांधली होतीस, मावशी. आई सांगायची."

"बांधली होती."

"ठाऊक असून?"

"ठाऊक असून. दुसरं करण्यासारखं काय होतं?"

हान्सचं पुढे काय झालं ते बुर्गलने विचारलं नाही. त्याचं नाव बाहेरच्या, लढाईत मेलेल्यांच्या दगडावर होतं, जाता-येता दिसायचं. ती फीत मुठीत धरून उठली. आता ही घरी जाणार आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार, असं नोटबुर्गाला वाटलं. होऊ दे, असंही वाटलं.

"रविवारी सगळ्या येतील," बुर्गल म्हणाली. "त्यांना काय बिनडोक्याचा दाखवणार आहेस? चल."

अस्थिघर चर्चच्या मागेच होतं. कबर जुनी झाली की हाडं काढायची, कवटी उन्हात वाळवायची, कपाळावर नाव आणि फुलं रंगवून फळीवर ठेवायची, ही तिथली रीत. बिननावाच्या कवट्या खाली कोपऱ्यात. नोटबुर्गा वाकली आणि वडिलांसारखाच तिनेही कोपऱ्यात हात घातला.

बुर्गलने तिचं मनगट धरलं.

"असली कुठलीही नको, मावशी. गेल्या लढाईतनं जिचा मुलगा परत आला, अशी एखादी बघ."

नोटबुर्गा सरळ झाली. या फळ्यांवरची प्रत्येक बाई तिला माहीत होती. तिने वरच्या फळीपासून सुरुवात केली. क्रेसेन्झ. अपोलोनिया. धाकटी अपोलोनिया. जुलियाना. प्रत्येक नावापाशी थांबून त्या बाईची पोरं आठवायची, मग पुढच्या नावाकडे वळायची. तिसरी, शेवटची फळी संपली तेव्हा बुर्गल दाराच्या पायरीवर बसली होती, फीत बोटाला गुंडाळत.

"सापडली?"

"बघतेय," नोटबुर्गा म्हणाली, आणि पुन्हा वरच्या फळीपासून वाचू लागली.